रोड बाइकचे शिफ्टर आणि गिअरचे सुटे भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी रोड बाइक घेणारे, जुनीला नवे भाग बसवणारे आणि घाटात अडकल्यावर फोन लावणारे, असे तिघेही फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे क्रमांक दिला आहे. किमती मुद्दाम लिहिलेल्या नाहीत, कारण त्या टिकत नाहीत.

१. रोड बाइकला गिअरचं बटण दिसतच नाही. शिफ्टर असतो कुठे?

ब्रेकच्या लिव्हरमध्येच. पूर्वी फ्रेमच्या खालच्या नळीवर दोन छोट्या दांड्या असायच्या आणि गिअर बदलायला हात हँडलवरून काढून खाली न्यावा लागायचा. शिमानो या कंपनीने १९९० मध्ये ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले. एसटीआय म्हणतात ते हेच. कॅम्पाग्नोलोचा एर्गोपॉवर १९९२ चा. उजवा हात मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या बदलतो, डावा पुढच्या, पॅडलजवळच्या चकत्या, म्हणजे चेनरिंग. केबलच्या गिअरमध्ये हे सगळीकडे सारखं आहे. ब्रेकचं मात्र तसं नाही, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

२. शिमानो, स्रॅम आणि कॅम्पाग्नोलो यांत हाताला काय फरक जाणवतो?

शिमानोत ब्रेकची लिव्हरच आत ढकलली की चेन मोठ्या चकतीवर चढते, आणि मागची छोटी पट्टी दाबली की खाली उतरते. स्रॅमच्या केबलवाल्या शिफ्टरमध्ये ब्रेक लिव्हर आडवी हलत नाही. मागे एकच पट्टी असते: थोडी ढकलली तर जड गिअर, लांब ढकलली तर हलका. नवख्याची गंमत इथे होते. चढावर हलका गिअर हवा असतो, ढकल अर्धवट पडते आणि गिअर उलट जड होतो. काही दिवसांत सवय लागते. कॅम्पाग्नोलोत मागची पट्टी चढवते आणि आतल्या बाजूचं अंगठ्याचं बटण उतरवतं.

आपल्याकडे सुटे भाग आणि ते ओळखणारा मेकॅनिक या दोन्ही बाबतींत शिमानो पुढे आहे. कॅम्पाग्नोलो हौसेचा मामला. साताऱ्यात शनिवारी संध्याकाळी एखादा भाग हवा झाला तर काय कराल, एवढा विचार करून मग घ्या.

सगळ्यात स्वस्त रोड बाइकवर हूडच्या, म्हणजे लिव्हरवरच्या रबरी मुठीच्या, आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण असलेले सात स्पीडचे शिफ्टर येतात. ते कॅम्पाग्नोलोसारखे दिसले तरी बटण वर असल्यामुळे हात खालच्या वळणात असताना अंगठा तिथवर पोचत नाही. शहरात चालतं, उतारावर जाच होतो.

३. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ यांत पैसे नेमके कशाचे वाढतात?

हे सगळे शिमानोचे गिअरसंच. मागच्या चकत्यांची संख्या आधी पाहा: क्लॅरिसमध्ये ८, सोरात ९, टियाग्रात १०, आर ७००० मालिकेच्या १०५ मध्ये ११ आणि तिच्यानंतरच्या १०५ मध्ये १२. त्यांच्या वरचे अल्टेग्रा आणि ड्युरा-एसही आता १२ स्पीड आहेत, पण फक्त इलेक्ट्रॉनिक. १०५ चा १२ स्पीड संच २०२२ मध्ये आधी इलेक्ट्रॉनिक आला, केबलवाला २०२३ मध्ये.

वर जाल तसं वजन घटतं, लिव्हर हलकी होते आणि दोन गिअरमधलं अंतर कमी होतं. गटाने सपाटीवर वेगात चालवताना हे अंतर जाणवतं. एकट्याने सिंहगड चढताना जाणवत नाही. चढावर सगळ्यात सोप्या गिअरमध्ये क्लॅरिस आणि १०५ एकाच वेगाने चढतात, दात सारखे असले तर.

आमचं मत विचाराल तर ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीसाठी, सोरा हा फार शहाणा संच आहे. नऊ स्पीडची चेन आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) स्वस्त, जाड आणि कुठेही मिळणारी. ‘१०५ नाही तर काहीच नाही’ हे ग्रुपवर ऐकायला बरं वाटतं. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, त्यात शिफ्टरवरचं नाव कोणी तपासत नाही.

शिमानोने आता क्यूज ही मालिका ड्रॉप, म्हणजे रोड बाइकच्या वळणदार, हँडलसाठीही आणली आहे. चकत्या जाड आणि टिकाऊ आहेत, पण तिच्या कॅसेट आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) जुन्या मालिकांत मिसळत नाहीत. घ्यायची तर पूर्ण घ्या.

४. मग निवडताना आधी काय ठरवायचं?

सगळ्यात सोपा गिअर. शिफ्टरचं नाव, रंग, वजन हे सगळं त्यानंतर. दुकानात मात्र उलटा क्रम चालतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

पुढची लहान चेनरिंग भागिले मागची मोठी चकती, एवढंच गणित आहे. पुढे ३४ दात आणि मागे २८ असतील तर उत्तर १.२१. सातशे बाय पंचवीसच्या टायरचा घेर सुमारे २.१ मीटर, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.५५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ९.२ किलोमीटर. मागे ३४ ची चकती लावली तर उत्तर १, आणि त्याच ६० फेऱ्यांना वेग ७.६.

हा दीड किलोमीटरचा फरक छोटा वाटतो, पण वॉटमध्ये मोजा. चालवणारा, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो धरले तर ८ टक्के चढावर ताशी ९.२ ने जायला साधारण १८० वॉट लागतात, ७.६ ने जायला १५०. तासभर १५० वॉट देणारे हौशी पुष्कळ असतात. १८० देणारे त्या मानाने कमी. ताकद नसेल तर वेग आपोआप कमी होतो, पण गिअर तोच राहिल्यामुळे पाय मिनिटाला ४५-५० वर येतो आणि प्रत्येक फेरीचा जोर गुडघ्यावर पडतो. सिंहगडाच्या रस्त्यावर मध्येमध्ये आठ टक्क्यांहून उभे तुकडे आहेत; ‘घाटाने गुडघा दुखतो’ म्हणणाऱ्यांची कॅसेट आधी तपासावी, गुडघा नंतर. पसरणीसारखा लांब पण बेताचा घाट २८ वरही निभतो.

तेव्हा जिथे हमखास उतरावं लागतं तो चढ डोळ्यांसमोर आणा आणि तिथे मिनिटाला निदान ६० फेऱ्या मारता येतील असा गिअर निवडा. घाटात जाणाऱ्या बहुतेकांसाठी त्याचं उत्तर पुढे ३४, मागे ३२ किंवा ३४ असं येतं.

५. पुढे ५०/३४ दातांच्या चेनरिंग घेऊ की ५२/३६? मित्र म्हणतो ५०/३४ ला वेग मिळत नाही.

पुढे ५० आणि मागे ११ वर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी जवळजवळ ५२ किलोमीटर होतो. मित्र सपाटीवर याहून जोरात जात असेल तर त्याने ५२/३६ जरूर घ्यावी. उतारावर ५२ च्या पुढे गेल्यावर पाय थांबवून अंग खाली वाकवलेलं बरं.

६. माझ्या सायकलला ११-२८ कॅसेट (सर्वांत लहान चकती ११ दातांची, मोठी २८) आहे. ती काढून ११-३४ बसेल का?

मागच्या डिरेलरवर, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला आरडी म्हणतात त्यावर अवलंबून आहे. आरडीच्या पिंजऱ्याची (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या भागाची) लांबी दोन प्रकारची येते. आर ७००० च्या १०५ मध्ये आखूड पिंजरा ३० दातांपर्यंत चालतो आणि मध्यम ३४ पर्यंत. आरडीच्या मागच्या, चाकाकडच्या बाजूला बारीक अक्षरांत क्रमांक असतो. चिंधीने ग्रीस पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. शेवटी एसएस असेल तर आखूड, जीएस असेल तर मध्यम.

दुसरी अट ढिली चेन ओढून धरण्याच्या क्षमतेची. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक आणि मागच्या सर्वांत मोठ्या-लहान चकतीतला फरक यांची बेरीज करा. ५०/३४ चे १६, ११-३४ चे २३, एकूण ३९. मध्यम पिंजऱ्याची क्षमता नेमकी ३९ आहे. आखूड पिंजऱ्याची ३५, म्हणजे त्याला ११-३० ही मर्यादा.

कॅसेट बदलली की चेनही लांब लागते, हे दुकानात बरेचदा राहून जातं. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि चुकून मोठी चेनरिंग-मोठी चकती असा गिअर पडला तर चेन ताणून आरडी उपटली जाऊ शकते. नवी चेन घ्या आणि बसवल्यावर तो गिअर स्टँडवर हाताने फिरवून पाहा. फ्रीहबचा प्रश्न वेगळा आहे, तो १० मध्ये.

७. ३४/३४ वरही दमछाक होते, शिवाय सामान लादून फिरायचं आहे. अजून सोपा गिअर मिळेल का?

मिळेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. सरळ वाट म्हणजे पुढची क्रँक, अर्थात पॅडलच्या दांड्या आणि चेनरिंग यांचा संच, बदलणं. शिमानोच्या जीआरएक्स या कच्च्या रस्त्यांसाठीच्या मालिकेत ४६/३० आणि ४८/३१ अशा क्रँक आहेत. ३०/३४ म्हणजे ०.८८, मिनिटाला ६० फेऱ्यांना ताशी ६.७ किलोमीटर. वरच्या टोकाला ४६/११ वर ९० फेऱ्यांना ४७.४ मिळतात, म्हणजे गमावलं फारसं काही नाही.

अट एकच, पण महत्त्वाची. जीआरएक्सच्या चेनरिंग नेहमीच्या रोड क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असतात. त्यामुळे पुढचं डिरेलरही जीआरएक्सचंच घ्यावं लागतं. नुसती क्रँक बसवून रोडचंच डिरेलर ठेवलं तर चेन मोठ्या चेनरिंगवर चढताना कटकट करते किंवा चढतच नाही.

१२ स्पीड १०५ असेल तर आधी ११-३६ कॅसेट बसवा, तिची आरडी ३६ पर्यंत जाते.

८. पुढे एकच चेनरिंग ठेवली तर सोपं नाही का?

खड्डे, माती आणि चिखलाच्या रस्त्यांसाठी चांगली कल्पना आहे. डाव्या हाताचं काम आणि पुढचं डिरेलर दोन्ही जातं. ११ स्पीड जीआरएक्समध्ये यासाठी ४२ दातांपर्यंत जाणारी वेगळी आरडी आहे. गटाने सपाटीवर चालवणाऱ्यांना मात्र दोन गिअरमधल्या मोठ्या उड्या खटकतात. पाय एकदम जड तरी होतो नाही तर रिकामा तरी फिरतो. डांबरी रस्त्यावरच चालवणार असाल तर दोन चेनरिंग ठेवा.

९. क्लॅरिसचे ८ स्पीड काढून १०५ चे ११ करायचे आहेत. काय काय बदलावं लागेल?

शिफ्टर, आरडी, पुढचं डिरेलर, कॅसेट, चेन, केबल आणि बहुधा मागचं चाकही. क्रँक एक वेळ चालून जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्या पैशांत जुनी विकून वरच्या संचाची पूर्ण सायकल घेतली तर चाकं आणि ब्रेकही चांगले मिळतात.

फ्रेम मनापासून आवडती असेल किंवा तुमच्या मापाची दुसरी मिळत नसेल तर गोष्ट वेगळी. आणि खरं कारण फक्त घाट असेल तर शिफ्टरला हात न लावता ८ स्पीडचीच ११-३४ कॅसेट, मध्यम पिंजऱ्याची आरडी आणि नवी चेन घ्या. काम भागतं.

१०. कॅसेट घेताना फ्रीहबची भानगड काय असते?

चाकाच्या ज्या खाचांच्या नळीवर कॅसेट सरकते ती फ्रीहब. शिमानोच्या ८, ९ आणि १० स्पीडची रुंदी एकच. ११ स्पीड रोडची १.८५ मिलिमीटर जास्त. म्हणून ११ स्पीडच्या चाकावर १० स्पीडची कॅसेट बसवताना मागे १.८५ चा स्पेसर (पातळ कडी) घालतात. उलटं, जुन्या चाकावर ११ स्पीडची ११-२८ किंवा ११-३२ बसत नाही.

आता अपवाद, आणि यात भले भले फसतात. शिमानोची ११ स्पीड ११-३४ कॅसेट जुन्या रुंदीची बनवलेली आहे. ती जुन्या ८-९-१० च्या फ्रीहबवर सरळ बसते, आणि ११ स्पीड रोडच्या फ्रीहबवर बसवताना तिलाही स्पेसर लागतो. तो विसरला तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हाताला डुगडुगते.

स्रॅमच्या १० दातांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला एक्सडीआर नावाची वेगळी फ्रीहब लागते. स्वस्त सायकलींना तर कॅसेटच नसते, हबवर आटे पाडून फ्रीव्हील चढवलेलं असतं. तिथे चाक बदलल्याशिवाय पुढची बोलणीच नकोत.

११. दोन्ही १० स्पीडच आहेत, तरी माझा टियाग्राचा शिफ्टर जुन्या १०५ च्या आरडीशी जुळत का नाही?

कारण स्पीडचा आकडा सारखा असून भागत नाही. एका क्लिकला शिफ्टर किती केबल ओढतो आणि तेवढ्या ओढीला आरडी किती सरकते, हे जुळावं लागतं. नव्या टियाग्राची, म्हणजे ४७०० मालिकेची, १० स्पीड ओढ शिमानोच्या ११ स्पीडसारखी आहे. जुन्या १० स्पीड १०५, अल्टेग्रा किंवा आधीच्या टियाग्राची ओढ निराळी. सरमिसळ केली तर दोन-तीन गिअर नीट पडतात आणि बाकीचे मधेच अडकतात. अशा वेळी मेकॅनिक तासभर स्क्रू पिळत बसतो. त्याच्या हाताचा दोष नसतो. ४७०० सोबत ४७०० ची किंवा जीआरएक्सची १० स्पीड आरडी घ्या.

१२. माउंटन बाइकची आरडी रोडच्या शिफ्टरवर चालते म्हणतात. खरं का?

९ स्पीडपर्यंत खरं. शिमानोच्या ७, ८ आणि ९ स्पीडमध्ये रोड आणि माउंटनच्या आरडीची सरक एकच होती, म्हणून सोराच्या शिफ्टरवर ९ स्पीडची माउंटन आरडी चालते. सामान लादून फिरणारे हा जुगाड वर्षानुवर्षं करत आले आहेत. १० स्पीडपासून ही वाट बंद झाली. ११ स्पीडला वुल्फ टूथचा टॅनपॅन नावाचा छोटा पुलीचा भाग मध्ये घालून ओढ बदलता येते, पण तो मागवावा लागतो आणि केबल वळवण्याची आणखी एक जागा वाढते. जीआरएक्स आल्यापासून त्याची फारशी गरज उरली नाही.

पुढचं माउंटन डिरेलर रोडच्या शिफ्टरवर लावू नका, अगदी ९ स्पीडमध्येही.

१३. ब्रेकचा शिफ्टरशी संबंध काय? हायड्रॉलिक घ्यावेत का?

लिव्हर एकच असल्यामुळे शिफ्टर घेतला की ब्रेकही ठरतो. क्लॅरिस आणि सोराचे शिफ्टर केबलच्या ब्रेकसाठीच आहेत. टियाग्रा आणि ११ स्पीड १०५ मध्ये केबल आणि हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) दोन्ही मिळतात. १०५ चा १२ स्पीड संच डिस्कसाठीच आहे, म्हणून रिम ब्रेकची चांगली फ्रेम असणाऱ्यांनी आर ७००० वर लक्ष ठेवावं.

पावसात उतरताना हायड्रॉलिक डिस्कचा फरक खरोखर मोठा आहे. बोटं कमी दुखतात आणि रिम ओली असताना पहिले काही मीटर ब्रेक न लागण्याचा तो प्रकार उरत नाही. पण तेल नीट भरणारा मेकॅनिक जवळ हवा. शिमानोत मिनरल ऑइल, स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. अदलाबदल झाली तर आतली रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतात. बाटलीचं लेबल स्वतः वाचा.

१४. माझे हात लहान आहेत, लिव्हरपर्यंत बोटं नीट पोचत नाहीत. वेगळे शिफ्टर येतात का?

आधी आहेत त्यांचा स्क्रू पाहा. बहुतेक लिव्हरमध्ये रीच, म्हणजे हँडलपासून लिव्हरचं अंतर, कमी करायची सोय असते, पण दुकानातून सायकल निघताना तो क्वचितच कोणी फिरवतो. रीच कमी केल्यावर ब्रेक लिव्हर हँडलला टेकण्याआधी पूर्ण लागतो ना, ते तपासा. शिमानोने ११ स्पीड १०५ मध्ये लहान हातांसाठी आर ७०२५ हा हायड्रॉलिक शिफ्टर स्वतंत्र काढला होता, मिळाला तर उत्तम. इलेक्ट्रॉनिक शिफ्टरची पट्टी नुसती टिचकी मारून चालते, त्यामुळे बोटांत जोर कमी असणाऱ्यांना ते खरंच उपयोगी पडतात.

१५. परदेशातून आलेल्या सायकलचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला आहे. बदलावा का?

तुम्ही आयुष्यभर उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबत आला असाल तर हो, बदला. अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागात डावा हात पुढच्या ब्रेकचा. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये उजवा. अचानक कुत्रं आडवं आलं की हात सवयीनेच चालतो. केबलचा ब्रेक असेल तर दोन केबलींची अदलाबदल पुरते. हायड्रॉलिकमध्ये होज (तेलाची नळी) काढून पुन्हा तेल भरावं लागतं. गिअरला यात धक्का लागत नाही.

१६. इलेक्ट्रॉनिक गिअर आपल्याकडे घेण्यात अर्थ आहे का? बॅटरी संपली तर?

चालतात उत्तम. केबल नसल्यामुळे धूळ आणि पावसाळा दोन्हींचा त्रास कमी. शिमानोच्या १२ स्पीड डीआय२ या इलेक्ट्रॉनिक संचात शिफ्टर वायरलेस असतात, त्यांत बटणासारखे सेल. दोन्ही डिरेलर मात्र वायरने सीटपोस्टमधल्या बॅटरीला जोडलेले असतात. एकदा चार्ज केलं की साधारण हजार किलोमीटर जातं. बॅटरी उतरू लागली की आधी पुढचं डिरेलर थांबतं, मागचं नंतर. तेवढ्यात घरी पोचायचं.

स्रॅमच्या अ‍ॅक्सेस या इलेक्ट्रॉनिक संचात प्रत्येक डिरेलरवर स्वतःची बॅटरी असते आणि दोन्ही सारख्या असतात. मागची संपली तर पुढची काढून मागे लावा. शिफ्टरमध्ये सीआर २०३२ सेल असतो, तो कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. अ‍ॅक्सेसमध्ये उजवी पट्टी जड गिअर, डावी हलका आणि दोन्ही एकदम दाबल्या की पुढची चेनरिंग बदलते. हे तर्काला सगळ्यात सोपं आहे.

पडल्यावर आरडी तुटली तर मात्र खर्च केबलच्या आरडीच्या कैक पट. शर्यतीत धक्काबुक्की होणार असेल किंवा सायकल बसच्या डिकीतून नेणार असाल तर केबल बरी.

१७. हायब्रिडला ड्रॉप हँडल आणि एसटीआय लावून रोड बाइक करता येईल का?

येईल, करू नका. सपाट हँडलचा व्यास २२.२ मिलिमीटर, ड्रॉपचा २३.८, म्हणजे जुना एकही शिफ्टर किंवा लिव्हर चालणार नाही. व्ही-ब्रेक असतील तर रोडच्या लिव्हरची ओढ त्यांना कमी पडते आणि ब्रेक अर्धवट लागतो. हे धोक्याचं आहे. पुढच्या डिरेलरची अडचण प्रश्न १२ मध्ये आलीच आहे. शिवाय हायब्रिडची फ्रेम लांब असते, ड्रॉप हँडल लावलं की हात आणखी पुढे जातात आणि मान आखडते. विकून टाका.

१८. गिअर नीट पडत नाहीत. नवा शिफ्टर घ्यावा लागेल का?

दहातल्या आठ-नऊ वेळा नाही. आधी केबल. इनर (आतली तार) आणि आउटर (बाहेरचं आवरण) दोन्ही बदला. शिफ्टरच्या आत केबलचं डोकं जिथे वळण घेतं तिथे तिचे बारीक तंतू एकेक करून तुटत जातात. बाहेरून काही दिसत नाही. फक्त हलका गिअर टाकायला दोनदा दाबावं लागतं किंवा आरडीचा स्क्रू दर आठवड्याला फिरवावा लागतो. अशा वेळी हूडचं रबर मागे उलटवा, शिफ्टर सर्वांत जड गिअरवर आणा आणि केबलचं डोकं बाहेर ढकलून पाहा. कुंचल्यासारखे तंतू पसरले असतील तर त्याच दिवशी बदला, कारण डोकं आत तुटलं तर तुकडे काढायला शिफ्टर उघडावा लागतो.

आउटर कापताना एक पथ्य पाळा. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीला समांतर असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये गुंडाळलेल्या. गिअरची आउटर ब्रेकला लावली तर जोरात दाबल्यावर ती फाटू शकते. घाईत कोणी ‘चालतंय’ म्हणालं तरी ऐकू नका.

केबल नवी असूनही कटकट असेल तर हँगर, म्हणजे आरडी फ्रेमला जोडणारा तुकडा, पाहा. सायकल उजव्या बाजूला नुसती आडवी झाली तरी तो वाकतो. मागून पाहताना आरडीचा पिंजरा चकत्यांशी समांतर दिसला पाहिजे. तुमच्या फ्रेमचा एक हँगर घरी आणून ठेवा. त्याचे आकार शेकड्यांनी आहेत आणि हवा तेव्हा हवा तो मिळत नाही.

मग चेन. बारा इंचांत, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरमध्ये, पिनांचं अंतर दीड मिलिमीटर वाढलं की झीज अर्धा टक्का झाली. ११ आणि १२ स्पीडला तिथेच बदला. ८-९ ला पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येतं. त्याहून जास्त थांबलात तर कॅसेटही जाते. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी केबल आणि चेन दोन्ही लवकर बदलाव्यात.

१९. जुनी सायकल घेतोय. पुढे तीन चेनरिंग आहेत. नको म्हणू का?

चालती असेल तर घ्या. ५०/३९/३० म्हणजे प्रश्न ७ मध्ये लोक पैसे खर्चून जे मिळवतात तेच फुकटात. फक्त डावा शिफ्टर तीनसाठीचा वेगळा असतो, बिघडला तर दोनचा आणून चालणार नाही. सोरात आर ३०३०, क्लॅरिसमध्ये आर २०३०. क्रमांक लिव्हरवरच कोरलेला असतो. सायकल पाहायला जाल तेव्हा फोटो काढून आणा. स्टँड नसेल तर कोणाला तरी मागचं चाक उचलून धरायला सांगा आणि सगळे गिअर वर-खाली एकेक क्लिकने मोजा. क्लिक पोकळ गेला, काहीच लागलं नाही, तर शिफ्टरच्या आतलं ग्रीस वाळलेलं असू शकतं. ते स्प्रेने सुटतं कधी कधी, पण भाव करताना शिफ्टर गेलाय असं धरूनच बोला.

२०. घाटात मागची गिअर केबल तुटली. घरी कसं यायचं?

केबल तुटली की आरडी स्प्रिंगने सर्वांत लहान, म्हणजे सर्वांत जड चकतीवर जाऊन बसते. पुढे डाव्या हाताने लहान चेनरिंग टाका. मग आरडीवर एच लिहिलेला स्क्रू शोधा आणि पॅडल हाताने फिरवत तो आत आवळा. चेन एक-दोन चकत्या वर सरकते आणि जरा बरा गिअर मिळतो. आणखी वर हवी असेल तर तुटलेल्या केबलचं आरडीकडचं टोक ओढून, हव्या चकतीवर आरडी आणून, ते बॉटल केजच्या स्क्रूखाली आवळून टाका. स्क्रूचा पाना आणि एक जादा इनर केबल सीटखालच्या पिशवीत असेल तर हे सगळं करावं लागत नाही. इलेक्ट्रॉनिकवाल्यांनी प्रश्न १६ वाचावा.